तळावरचे तात्या

ज्या दिंडीत तात्या नाहीत ती दिंडी रात्री कुठे झोपते, हे मला अजून कळलेलं नाही. विणेकरी, मृदंगी, चोपदार, भाकऱ्यांच्या बायका, टँकरचा ड्रायव्हर, भिशीच्या हिशेबाची वही सांभाळणारे निवृत्त गुरुजी, या सगळ्यांना दिंडीत कामं नेमून दिलेली असतात. तात्यांना कोणीच नेमलेलं नसतं. ते पहाटे साडेतीनला ट्रकच्या पुढच्या सीटवर आपणहून बसलेले आढळतात. मागे तंबू, डांब, मेखा, शेगड्या, कांद्याची पोती आणि आदल्या दिवशी पाय मुरगळलेला एखादा वारकरी. दिंडी टाळ वाजवत तळावरून हलते तोवर तात्या पुढच्या मुक्कामाला पोचलेले असतात आणि कुणाच्या तरी रानात उभे राहून नकारार्थी मान हलवत असतात.

तात्या हे नाव नव्हे, हुद्दा आहे. एखाद्या दिंडीत त्यांना नाना म्हणतात, एखाद्या दिंडीत अप्पा. आमचे तात्या शिरूर तालुक्यातले, घोड नदीच्या काठचे. वय विचारलं तर ते पानशेत फुटलं तेव्हा आपण केवढे होतो ते हाताने दाखवतात. हात साधारण गुडघ्यापर्यंत जातो. म्हणजे बारा जुलै १९६१ ला ते पाळण्याबाहेर आलेले होते, एवढं नक्की. धरण फुटलं पुण्याच्या वर आणि तात्यांच्या गावाला त्या नदीचा थेंबही येत नाही. तरी नदीकाठ या गोष्टीवरचा त्यांचा विश्वास त्या दिवशी जो उडाला तो उडालाच.

दिंडीतली तरणी पोरं त्यांना चिडवतात. ‘तात्यांची वारी डिझेलवर.’ तात्या देहूपासून पंढरपूरपर्यंत दर वर्षी जातात, पण चालत नाहीत, हा त्यांच्यावरचा कायमचा आरोप आहे. त्यावर त्यांचं उत्तरही कायमचं आहे: ‘तुमी चालता म्हणून इठ्ठल भेटतो. आन् मी म्होरं जातो म्हणून तुमी झोपता.’ खरं सांगायचं तर ते चालत नाहीत हेही खोटं आहे. जागा पसंत पडेपर्यंत ते यवतच्या शिवाराला जेवढ्या फेऱ्या घालतात तेवढ्यात माणूस लोणी काळभोरला परत जाऊन येईल.

दौंड तालुका हा तात्यांचा खरा परीक्षेचा पेपर. तुकोबांची पालखी पुण्याहून निघते, लोणी काळभोरला थांबते, मग सोलापूर रस्त्याने यवत, पुढे वरवंड, मग पाटस, रोटीचा घाट चढून बारामती तालुक्यात उंडवडी. कागदावर सरळ रस्ता. पण या पट्ट्यात जमीन दर दोन मैलांना स्वभाव बदलते. मुठेचा उजवा कालवा गेलाय तिथे ऊस आहे, ओल आहे, डास आहेत. भीमेच्या आणि मुळा-मुठेच्या अंगाला गाळाची काळीभोर रानं. वरवंड, पाटसकडे सरकलं की मुरमाड माळ सुरू होतो, वर आभाळ आणि खाली कुसळं. आणि या सगळ्यावर आषाढाच्या तोंडाशी एकच एक गोष्ट पसरलेली असते, उकाडा. पाऊस येतो येतो म्हणतो आणि सह्याद्रीवरच सांडून जातो. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पडतो, दौंडला पाचशेच्या आसपास, आणि मधलं अंतर दीडशे किलोमीटरसुद्धा नाही. ढग मात्र प्रामाणिकपणे इथपर्यंत येतात. पाणी खाली करून आलेले ढग. त्यांच्याखाली माणूस नुसता गदगदत बसतो.

अशा हवेत तंबू कुठे ठोकावा यावर तात्यांनी आयुष्य वेचलं आहे. पद्धत ठरलेली. आधी मूठभर माती उडवून वारा बघायचा. मग तांब्याभर पाणी जमिनीवर ओतायचं आणि ते कुठे जातं त्याच्याकडे, उधारीवाला कुठल्या गल्लीत वळतो ते बघावं तसं, डोळे बारीक करून बघत राहायचं. मग पहारेचा एक टोला. टोल्याचा आवाज ऐकून ते खाली काळी किती, मुरूम किती ते सांगतात. शेवटी टोपी काढून त्या जागेवर उताणे आडवे पडतात. आधी पूर्वेला डोकं, मग दक्षिणेला. यवतला एकदा रस्त्याने चाललेल्या दुसऱ्या दिंडीतल्या बायकांना वाटलं, म्हाताऱ्याला चक्कर आली. त्यांनी धावत येऊन तोंडावर पाणी मारलं. तात्या पडल्या पडल्या म्हणाले, ‘मारा अजून. उतार कळंल.’

ते ज्या गावात जातील तिथे गावकऱ्यांना एकच प्रश्न विचारतात. बाकीच्या दिंड्यांची माणसं विचारतात, माउली, पाणी कुठं मिळंल? तात्या विचारतात, माउली, पाणी कुठनं येतं? आणि एकाच्या उत्तरावर विसंबत नाहीत. सरपंच सांगतात त्यावर तर मुळीच नाही. शेळ्या राखणारं पोर, धुणं वाळत घालणारी म्हातारी आणि दारूच्या दुकानाबाहेर बसलेला माणूस, या तिघांचं एकमत झालं तर ते खरं धरायचं. तिसरा का, असं मी विचारलं. ‘त्यो रातीचा हितंच पडतो. त्याला ठावं असतंय, कोणच्या अंगानं भिजाय होतंय.’

काळ्या रानाबद्दल त्यांचं मत फार वाईट आहे. आपली काळी माती पीक घ्यायला लाख असेल, पण ती पाण्याने फुगते आणि उन्हाने आक्रसून भेगाळते. कोरडी, नांगरलेली असताना तिच्यात मेख एका घावात जाते, म्हणून नवशिका खूश होतो. रात्री दोन सरी पडल्या की तीच माती लोण्यासारखी सैल पडते, मेखा हातानं उपटून येतात, तणावे ढिले होतात आणि मधला डांब नमस्कार घालायला लागतो. वर पाणी मुरत नाही ते नाहीच. मुरमाड माळाचं उलट. मेख जाता जात नाही, पहारेनं आधी भोक पाडावं लागतं, घण मारणारा पोरगा शिव्या देतो, वारीत आहोत हे आठवून मध्येच ‘माउली’ म्हणतो. पण एकदा रुतलेली मेख मग उपटताना घाम काढते. आणि पाणी पडलं तसं झिरपून जातं.

‘पण तात्या, मुरमाला विंचू असतात,’ गुरुजी म्हणाले. गुरुजींना वहीत तंबूच्या जागेचं भाडं लिहायचं नसतं, पण जागेबद्दल बोलायचं असतं.

तात्यांनी चुना मळता मळता उत्तर दिलं, ‘इचू एकाला चावतो, गुरुजी. पाणी समद्यांना.’

हे वाक्य दिंडीत इतकं मुरलं आहे की भाजीत मीठ जास्त झालं तरी कोणी तरी म्हणतं.

काळ्या रानाचा तिटकारा असण्यात एक अडचण मात्र मोठी आहे. लोक प्रेमानं देतात ते काळं रानच. यवतला सगळा गाव वारकऱ्यांसाठी पिठलं-भाकरी करतो, टोपल्याच्या टोपल्या भाकरी काळभैरवनाथाच्या देवळाकडे येतात. तिथल्या एका शेतकऱ्यानं आमच्या दिंडीसाठी एक एकर रान पेरायचं ठेवलं होतं. ढेकळं फोडून, फळी मारून, सडा टाकून. मध्ये तुळशीची कुंडी. बायको पाय धुवायला तांब्या घेऊन उभी. यापुढे माणूस काय बोलणार? तात्यांनी तांब्या घेतला. पाय धुवून घेतले. आणि सवयीनं उरलेलं पाणी रानात ओतलं. ते तिथेच उभं राहिलं.

‘माउली, जागा लई झ्याक हाय,’ तात्या म्हणाले, ‘पर आमचा डांब लांब हाय.’

‘लांब असला तर काय झालं? वर आभाळच हाय.’

‘न्हाई, म्हंजे... त्याला खाली कठीण लागतंय.’

‘फरशी आणून टाकतो की!’

‘आन् आमची माणसं जरा जास्त हायती.’

‘शेजारचं रान भावाचंच हाय. बांध मोडू का?’

तात्यांनी या बोलाचालीत तंबूच्या कापडाला, दिंडीच्या रिवाजाला आणि एका निरपराध मृदंग्याच्या दम्याला पुढे केलं. प्रत्येकाला शेतकऱ्याकडे इलाज होता. शेवटी तोड निघाली ती अशी की जेवण, भजन, कीर्तन सगळं त्या रानात, आणि झोपायला तेवढं वरच्या माळाला. शेतकऱ्यानं हे मान्य केलं. पण रात्री तो स्वतःच घोंगडी घेऊन माळावर झोपायला आला, कारण खाली उकडत होतं.

उकाड्याचं शास्त्र तात्या पावसाच्या शास्त्राइतकंच गंभीरपणे सांगतात. संध्याकाळी उसाच्या कडेला बरं वाटतं, गार वाटतं, म्हणून माणूस तिथे अंथरूण टाकतो. पण तो गारवा म्हणजे ओल. ऊस पाणी सोडत असतो, कालवा पाझरत असतो, आणि दिवस मावळला की ती जड हवा खोलगट जागी येऊन बसते. वारा उसाच्या भिंतीला अडतो. मग मध्यरात्री अंगाला चिकचिक, कानाशी डास, आणि पहाटे पांघरुणाला दव. त्यापेक्षा उघड्या माळाचा उकाडा दहाला संपतो. तंबूचं तोंड सरळ वाऱ्याला द्यायचं नाही, तिरकं द्यायचं. पश्चिमेचा वारा समोरून शिरला की आत कोंडतो आणि तंबू उचलतो. तिरका असला तर एका बाजूनं येऊन दुसऱ्या बाजूनं जातो, माणसांचा वाफारा घेऊन जातो. कनात दोन्हीकडची वितभर वर. झाड असलं तर पश्चिमेला, कारण दिंडी दुपारची पोचते आणि सूर्य कलता असतो. ‘सहलीवाल्याला झाड उगवतीला पायजे,’ ते पुढे म्हणतात, ‘त्ये नऊशिवाय उठत न्हाईत.’ झाड म्हणजे कडुनिंब. बाभूळ नाही, काटे ताडपत्रीला भोकं पाडतात. जिच्यावर बगळे वस्तीला येतात ती तर नाहीच नाही, त्याचं कारण सकाळी कळतं. आणि माळावर एकटंच उभं असलेलं झाड कितीही गोड असलं तरी नाही. वळवाची वीज तेच शोधत येते.

बिबट्याच्या बाबतीत मात्र तात्या विनोद करत नाहीत. शिरूर, जुन्नर, आंबेगाव, खेड या तालुक्यांत ऊस वाढला तसा बिबट्या उसात राहायला आला, उसातच त्याची पिलं होतात, आणि मेंढपाळांच्या पालांवर, ऊसतोडणीच्या कोप्यांवर काय प्रसंग आले ते या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे घरच्या तालुक्यात कोणी पाल टाकायचं म्हटलं की तात्यांची पहिली अट: उसापासून निदान दोन रानं सोडून, रात्रभर दिवा, पोरं मध्ये आणि मोठी माणसं कडेला. आणि रात्री बाहेर जायचं तर एकट्यानं जाऊन वाकून बसायचं नाही. हे सांगताना ते चुना मळत नाहीत.

एरवी वर्षभर ते काय करतात? हेच. लग्नाचा मांडव कुठे घालावा, यात्रेत पाळणेवाल्यानं पाल कुठे टाकावं, बैलगाडा शर्यतीला पंचांचा शामियाना कोणत्या अंगाला, सगळीकडे त्यांना बोलावतात. बोलावलं नाही तरी ते येतात. पुतणीच्या सोयरिकीला पाहुण्यांच्या घरी गेले तर सगळे मुलगा बघत होते आणि तात्या ओटा बघत होते. चहा येईपर्यंत त्यांनी घराला एक प्रदक्षिणा घातली आणि परत येऊन मुलाच्या बापाला सांगितलं, ‘दाजी, पयल्या वळवाला घरात पाणी येतंय तुमच्या.’ सोयरीक मोडतेय असं वाटलं. पण मुलाची आई उठून म्हणाली, ‘बगा! मी वीस वर्सं सांगतीया.’ लग्न तिच्या आग्रहानं झालं. ओटाही उंच झाला.

दहाव्याला भीमेवर गेलो होतो तेव्हाची गोष्ट. पिंड ठेवलेला, कावळा शिवत नाही, सगळे वर झाडाकडे बघताहेत, तात्याही वर बघताहेत. बराच वेळ झाला. जवळचे नातेवाईक मनातल्या मनात मयताला वचनं द्यायला लागले. तेवढ्यात तात्या मोठ्यानं म्हणाले, ‘डोक्याच्या वर हातभर!’ सगळे दचकले. बाभळीच्या फांदीत गेल्या पुराचा काडीकचरा अडकला होता, त्यावरून पाणी कुठवर आलं होतं ते ते मोजत होते. कावळा मात्र त्या आवाजानं दुसऱ्या झाडावर गेला.

या निरीक्षणात चूक काढायला जागा नाही, हे मान्य केलं पाहिजे. दौंडचा पूर दौंडच्या पावसानं येतच नाही. पाऊस पडतो मावळात आणि मुळशीत, खडकवासल्यातून पाणी सुटतं, मुळा-मुठा ते घेऊन रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते, आणि दौंडच्या पुलाखाली नदी दोन्ही काठ धरून वाहते तेव्हा दौंडात रस्त्यावर धूळ उडत असते. उजनीत किती पाणी येतंय ते सोलापूरकर दौंडच्या विसर्गावरून ओळखतात. थोडक्यात, नदीकाठच्या वाळूत तंबू टाकून वर चांदणं बघत झोपलेल्या माणसाला चांदण्यातच पाणी गाठू शकतं.

ही चूक छोट्यांनी केली तर तिची बातमी होते, बादशहानं केली तर इतिहास होतो. मोगलांच्या लष्करात पुढे जाऊन मुक्कामाची जागा ठरवणारा अधिकारी असे, त्याला मीर-मंजिल म्हणत. बादशहाचे दोन तंबूसंच असत. एकात मुक्काम, तोवर दुसरा पुढच्या तळावर उभा. म्हणजे तात्यांची आणि आमच्या ट्रकची शाही आवृत्ती. एवढं असूनही औरंगजेबाच्या छावण्यांना याच भीमेच्या खोऱ्यात पुरानं गाठलं. १७०० सालच्या ऑक्टोबरात सांगोल्याकडे माण नदीकाठी खवासपूरला रात्री पाणी छावणीत शिरलं, धावपळीत म्हाताऱ्या बादशहाचा गुडघा निखळला आणि तो पुढे लंगडतच राहिला. मी ही हकिकत तात्यांना सांगितली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘मीर कोण होता, गाववाला का भायेरचा?’

इंग्रजांबद्दल त्यांना थोडा आदर आहे, तो केवळ शिरूरच्या अभिमानापोटी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी घोडनदीला छावणी टाकली. १८०९ मध्ये वारलेल्या कर्नल वॉलेसचं थडगं शिरूरला आहे, आणि आसपासची माणसं त्याला सत्पुरुष मानून नवस बोलत. तात्यांच्या मते साहेबाला देवपण आलं ते जागेच्या निवडीमुळे. आळंदीच्या पालखी सोहळ्याची घडी बसवणाऱ्या हैबतबाबांच्या काळात अंकलीच्या शितोळे सरदारांनी त्या सोहळ्याला घोडे आणि तंबू दिले, हे त्यांना पाठ आहे, पण त्यात त्यांची एक तक्रार आहे. घोडे दिल्याचं सगळे सांगतात, तंबू दिल्याचं सगळे सांगतात, तो तंबू पहिल्या रात्री कुणी आणि कुठल्या अंगाला तोंड करून लावला ते कोणी लिहून ठेवलेलं नाही.

मागच्या एका पावसाळ्यात त्यांचा भाचा हिंजवडीहून मित्र घेऊन आला. गाडीत घुमटाचे तंबू. पिशवीतून काढून फेकला की तंबू स्वतःच उभा राहतो. तात्या त्याच्याभोवती फिरले.

‘ह्याला मेखा कुठं?’

‘मामा, लागत नाहीत याला. चार आहेत, पण ऐच्छिक आहेत.’

तात्यांनी हा शब्द आयुष्यात मेखांच्या संदर्भात प्रथमच ऐकला. भाच्यानं फोनवर दोन-तीन जागा आणल्या होत्या. पारगावकडे संगमाजवळ नदीकाठ, ‘मामा, सूर्योदय पाण्यावर दिसतो.’ मामा म्हणाले, खडकवासलाबी दिसंल. मग घोड धरणाच्या पाण्याच्या कडेला. तिथे गाळ. मग उसाच्या कडेची हिरवळ, फोटोत छान येते म्हणून. त्यावर मामांनी फक्त मामीला हाक मारली आणि मामीनं गेल्या महिन्यात कोणाचं वासरू नेलं ते सांगितलं. मित्रांपैकी दोघं गाडीत जाऊन बसले.

अखेर त्यांना जागा मिळाली ती मळ्यातल्या जुन्या खळ्यावर. खळं म्हणजे तात्यांच्या शास्त्राची परमावधी. धान्य उफणायला वारा लागतो, म्हणून आजोबा-पणजोबांनी खळं तिथेच केलेलं असतं जिथे संध्याकाळी वारा हमखास येतो. जागा उंच, चोपलेली, चारी बाजूंनी पाणी निघून जाणारी. दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसानं तपासून दिलेली. एका बाजूला उकिरडा आणि दुसऱ्या बाजूला नादुरुस्त ट्रॅक्टर आहे, एवढाच दोष. भाच्यानं जमिनीवर पालथं पडून असा कोन साधला की फोटोत ट्रॅक्टरही आला नाही आणि उकिरडा डोंगरासारखा दिसला.

सकाळी तो तक्रार घेऊन आला. ‘मामा, एवढा महागाचा तंबू, पण रात्रभर गळत होता. पाऊस तर नव्हता.’

डासांच्या भीतीनं पोरांनी सगळ्या चेनी बंद करून आत चौघं झोपली होती. मामांनी तंबूच्या आतल्या अंगावरून बोट फिरवलं, बोट ओलं झालं, ते भाच्याला दाखवलं.

‘पाऊस न्हाई. तुमचाच घाम हाय. त्यो तुमाला माघारी दिला.’

आता तात्यांची एक गोष्ट सांगायला हवी जी ते कधी कबूल करणार नाहीत. त्यांना पाऊस हवा असतो. भर रात्री, मुक्कामावर, सगळे झोपल्यावर. शेतकरी म्हणून हवा असतो तो वेगळा. हा पाऊस त्यांना विद्येसाठी हवा असतो. दौंडसारख्या तालुक्यात माणसानं इतकी काळजी घेऊन तंबू लावावा, चहूबाजूंनी चर खणून पाण्याला वाट काढून द्यावी, आणि वर्षामागून वर्षं नुसतं ढगाळून यावं, यात कारागिराचा केवढा अपमान आहे! शेजारच्या दिंडीनं खड्ड्यात तंबू ठोकलेला, चर नाही, मेखा अर्ध्या वर, आणि सकाळी तीही माणसं कोरडी. वर येऊन विचारतात, ‘काय तात्या, एवढं खणून काय गावलं?’ आषाढाआधी अधिक महिना आला की वारी जुलैच्या मध्यावर सरकते. त्या वर्षी तात्या पंचांग बघून आधीच खुशीत असतात.

वरवंडला तो पाऊस एकदाचा आला. पालखी विठ्ठलाच्या देवळात विसावलेली, दिंड्या आजूबाजूच्या रानांत आणि माळावर विखुरलेल्या. संध्याकाळपासून पान हलत नव्हतं. अकराच्या सुमाराला रोटीच्या अंगानं थंड झुळूक आली. मी जागा होतो. पलीकडे तात्या उठून बसलेले दिसले. नवरदेव बसतात तसे, ताठ. पहिला थेंब ताडपत्रीवर वाजला आणि त्यांनी टोपी घातली.

मग तासभर जे कोसळलं ते वरवंडकर अजून काढतात. खालच्या रानांतून आरडाओरडा सुरू झाला. ‘डांब धरा!’ ‘पीठ उचला आधी!’ ‘आरं, माझी काठी कुणी नेली?’ विजेच्या उजेडात एक तंबू बसलेला दिसला, दुसऱ्या विजेत तो चाललेला दिसला. आमच्या तंबूत धूळ होती. खरोखरची कोरडी धूळ. चरातून पाणी खळखळ वाहत होतं आणि तात्या बॅटरी घेऊन चराच्या कडेनं फिरत होते, त्या पाण्याकडे बघत.

थोड्या वेळानं ते खाली गेले. मला वाटलं, हिणवायला. तसं काही नव्हतं. प्रत्येक दिंडीच्या तंबूपाशी जायचं, बॅटरीचा झोत मेखेवर टाकायचा, मग उतारावर टाकायचा, काही बोलायचं नाही, आणि मग म्हणायचं, ‘चला माउली, वर चला.’ आता यात हिणवणं किती आणि कळवळा किती, ते विठ्ठलालाच ठाऊक. लोक आले. आधी म्हाताऱ्या आल्या, मग पोरंबाळं, मग ओल्या पखवाजाला धोतरात गुंडाळून एक बुवा. साठ माणसांच्या तंबूत दीडशेच्या वर. शेवटी चर खणल्याबद्दल चेष्टा करणारे शेजारचे दिंडीप्रमुखही आले, त्यांना दाराशी जागा मिळाली. गुरुजींनी वहीवर बसून रात्र काढली.

सगळ्यांना आत घालून तात्या परत आले तेव्हा त्यांच्या घोंगडीवर परभणीकडच्या एक आजी झोपल्या होत्या. त्यांच्या उशाला तात्यांची पहार. तात्यांनी आत पाय ठेवायला जागा आहे का ते बघितलं. नव्हती. एकानं अंधारातून त्यांनाच सांगितलं, ‘माउली, हितं जागा न्हाई, म्होरं बघा.’

ते ट्रकच्या केबिनमध्ये जाऊन बसले. तिथे ड्रायव्हर पसरला होता आणि केबिन मुठीएवढ्या जागी गळत होती, ती जागा तात्यांच्या वाट्याला आली.

पायाला फोड आल्यामुळे दुसऱ्या दिवशी मीही ट्रकातच होतो. उंडवडीला पोचलो तेव्हा उजाडत होतं. रस्त्यापासून थोडा उंचवटा, भुरा मुरूम, मावळतीला कडुनिंब, दूरवर उसाचं पान नाही. तात्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. त्यांनी माती उडवली, ती तिरकी गेली. तांब्या ओतला, पाणी दोन क्षणांत दिसेनासं झालं. पहार मारली, ठण्ण वाजली. टोपी काढून आडवे पडले, आणि मला वाटलं, आता तिथेच झोप लागणार. तर ते उठून बसले.

‘न्हाई,’ म्हणाले.

‘काय झालं तात्या? सगळं तर जुळतंय.’

‘त्येच की. लई बेस हाय. पाऊस आला तर रातीला समदी हितंच येत्याल.’

आणि पहार उचलून ते उताराच्या जरा खालच्या अंगाला निघाले.